वरच्या खाटेवर कोण झोपतो?

केंद्र शासनाच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने २०२५ च्या फेब्रुवारीत फर्निचरसंबंधी गुणवत्ता-नियंत्रण आदेश काढला व त्याच्या अंमलासाठी एक वर्षाची मुदत दिली. कामाच्या खुर्च्या, साध्या खुर्च्या व स्टुले, टेबले, कपाटे, पलंग आणि एकावर एक बसविलेल्या दुमजली खाटा असे सहा प्रकार त्यात घेतले असून, भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाशिवाय त्यांचे उत्पादन, आयात वा विक्री होऊ नये असा त्याचा आशय आहे. या आदेशाचा अनुवाद करीत असता शेवटच्या प्रकाराला मराठीत काय म्हणावे, यावर प्रस्तुत लेखक बराच वेळ अडखळला. मध्यमवर्गीय मराठी घरात ही वस्तू क्वचितच असते. तो राहतो त्या हेब्बाळमध्ये मात्र ती खिडकीतूनच दिसते.

हेब्बाळ म्हणजे बंगळुरूच्या उत्तरेकडचे, तलावाच्या व उड्डाणपुलाच्या काठाचे, विमानतळाच्या वाटेवरचे उपनगर. येथे उंच इमारती उभारणारा परप्रांतीय मजूर पत्र्याच्या शेडमध्ये राहतो आणि त्याच इमारतींतील कार्यालयांत काम करणारा तरुण ‘पीजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाड्याच्या खोलीत तिघाचौघांसह राहतो. दोघांच्या वेतनात मोठे अंतर आहे. खाट मात्र पुष्कळदा एकाच जातीची. चौकोनी लोखंडी नळ्या जोडून नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने केलेली. वरच्या खाटेचा कठडा वीतभर, गादी घातली की तोही बुडतो. शिडी म्हणजे दोन आडव्या सळ्या. वर फिरता पंखा, इतक्या जवळ की झोपेतून उठताना डोके सांभाळावे लागते. दुमजली खाटेच्या कोणत्याही मानकाचा गाभा याच गोष्टींत असतो: कठडा गादीच्या वर किती हवा, फटीत मान वा हातपाय अडकतील काय, शिडीची पायरी पाय ठरू देते काय, सांधा भार सोसतो काय. मागणी अवाजवी मुळीच नाही.

आपल्यातील काही कॉम्रेड म्हणतात की, हा आदेश म्हणजे बड्या कारखानदारांचा डाव आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, ते झाकण्याचे कारण नाही. चाचणीचा खर्च, परवान्याची फी, कागदपत्रे हे सारे ज्याच्यापाशी कचेरी आहे त्यालाच झेपते. भारतीय मानक ब्युरोचा २०१६ चा कायदा संमत झाला तेव्हा पहिल्या अपराधालाच दोन वर्षांपर्यंत कैद वा किमान दोन लाख रुपये दंड अशी तरतूद त्यात होती. दोन लाखांत गल्लीतल्या सुताराचे दुकान, हत्यारे आणि उधारीची वही सगळेच निघून जाईल.

पण यावरून ‘लहानांना सरसकट सूट द्या’ या मागणीवर येणे ही चूक आहे. खेळण्यांच्या बाबतीत हे घडून गेले आहे. २०२० च्या अखेरीस नोंदणीकृत हस्तकारागिरांना व भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना तशाच एका आदेशातून वगळण्यात आले. बंगळुरूनजीकच्या चन्नपट्टणचा लाकडी खेळणी करणारा कारागीर त्यामुळे वाचला, याचा आनंदच आहे. परंतु दुमजली खाट म्हणजे लाखकाम केलेला भोवरा नव्हे. सूट मिळते ती करणाऱ्याला. वर झोपणारा पडायचा तो पडतोच. महाग खाट सुरक्षित आणि स्वस्त खाट कायद्याबाहेर, अशी विभागणी झाली तर सुरक्षिततासुद्धा ऐपतीप्रमाणे विकत घ्यावी लागेल. ही मागणी कष्टकऱ्यांच्या बाजूने केलेली असली तरी तिचा भार कष्टकऱ्यांवरच पडतो.

इतर देशांतही असे नियम कोणी स्वखुशीने दिलेले नाहीत. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात वुलवर्थच्या दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागून दहा माणसे दगावली. अग्निशामक कर्मचाऱ्यांना हा प्रश्न लावून धरावा लागला, तेव्हा कुठे १९८८ साली फर्निचरच्या ज्वलनशीलतेचे कडक नियम आले. ज्या स्वीडिश कंपनीचे, आयकियाचे, भव्य दालन २०२२ साली बंगळुरूतच नागसंद्र येथे उघडले, तिला २०१६ मध्ये अमेरिकेत ड्रॉवरची सुमारे २ कोटी ९० लाख कपाटे परत घेण्याची घोषणा करावी लागली. भिंतीला न जखडलेली कपाटे अंगावर कलंडून लहान मुले मेली होती. तोवर तेथील मानक ऐच्छिक होते. ते बंधनकारक करणारा कायदा मुले गमावलेल्या आईबापांच्या खटपटीने २०२२ च्या डिसेंबरात झाला.

कॅलिफोर्नियाची कथा उलटी आहे. तेथे १९७५ पासूनच्या नियमामुळे सोफ्यांच्या फोममध्ये ज्वालारोधक रसायने ओतली गेली. आपोआप विझणारी सिगारेट बनविण्याची सक्ती टाळण्यासाठी तंबाखू कंपन्यांनी आगीचा दोष फर्निचरवर ढकलण्याचे राजकारण कसे केले, हे ‘शिकागो ट्रिब्यून’ने २०१२ साली उघड केले. ती रसायने आरोग्यास घातक असल्याचे पुरावे साचत गेले आणि २०१३ मध्ये नियम बदलावा लागला. नियमाची लेखणी कोणाच्या हाती आहे, हे पाहिल्यावाचून नियमाची स्तुती करू नये. आपल्या सहांच्या यादीत सोफ्याचे स्वतंत्र नावही नाही.

तेव्हा मागावयाचे ते सूट नव्हे. चाचणी सार्वजनिक खर्चाने झाली पाहिजे. जिल्ह्याजिल्ह्यात आयटीआय आहेत. तेथे खाटेवर ठरावीक भार टाकून पाहण्याची सोय करणे अशक्य नाही. बंगळुरूच्या तुमकूर रस्त्यावर प्लायवूडच्या संशोधनाची व प्रशिक्षणाची संस्था सरकारी पैशावर चालू शकते, तर वेल्डरला कठड्याची योग्य उंची दाखविणारा नकाशा कानडीत, मराठीत, हिंदीत फुकट का मिळू नये? सुतारांच्या व वेल्डरांच्या सहकारी संस्थेला एकत्रित परवाना मिळावा.

आणि दंडाचा रोख बदलला पाहिजे. आदेश बोलतो तो निर्मात्याशी, आयातदाराशी आणि विक्रेत्याशी. शंभर खाटांची ऑर्डर देताना कठड्याची नळी वाचवायला सांगणारा पीजीचा मालक आणि शेड उभारणारा ठेकेदार यांच्याशी तो नाव घेऊन बोलत नाही. अगोदरच बसविलेल्या खाटांविषयी तर अवाक्षर नाही. वसतिगृहे व मजूर-निवास यांच्या परवान्यातच खाटांची तपासणी घालावी आणि कठडे वाढविण्याचा खर्च मालकाकडून वसूल करावा. या खाटा मोजण्याचे काम हेब्बाळमधील बांधकाम मजुरांच्या संघटनांना आजही हाती घेता येईल. त्याला दिल्लीच्या अधिसूचनेची गरज नाही, एक मोजपट्टी पुरे.