धूळपाटी, पडदा आणि शिक्षकाची लेखणी

अध्यापनातील यंत्रसाधनांची चर्चा बहुधा साधनापासून सुरू होते आणि साधनापाशीच संपते. वर्गात पडदा असावा की फळा, व्याख्यान प्रत्यक्ष व्हावे की मुद्रित स्वरूपात पोहोचावे, विद्यार्थ्याच्या हाती वही असावी की संगणक, अशा प्रश्नांभोवती बाजू घेतल्या जातात. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाला मात्र याहून मूलगामी प्रश्न विचारणे भाग आहे. नव्या साधनामुळे वर्गात लिहिते कोण होते, आणि केवळ वाचणारे किंवा ऐकणारे कोण उरते? साधनाचे मोल ठरवण्याची हीच खरी कसोटी होय. ती लावून पाहण्यास चेन्नईइतके उपयुक्त शहर भारतात क्वचितच सापडेल.

१७८९ मध्ये मद्रासच्या एग्मोर भागातील सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी असलेल्या आश्रमशाळेची सूत्रे अँड्र्यू बेल यांच्याकडे आली. तेथील स्थानिक शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरवतात हे त्यांच्या पाहण्यात आले, आणि ती रीत आपल्या शाळेत आणावी असे त्यांनी ठरवले. महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांना धूळपाटी काही अपरिचित नव्हती. बेल यांना जे नवे वाटले ते या देशात जुनेच होते. परंतु पुढे जे घडले ते ध्यानात घेण्यासारखे आहे. शाळेतील साहाय्यक शिक्षकांनी ही रीत वापरण्यास अनुत्सुकता दाखवली. तेव्हा बेल यांनी जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे अक्षरओळखीचा वर्ग सोपवला. वरच्या मुलाने खालच्या मुलास शिकवावे या पद्धतीची उभारणी तेथून झाली. १७९७ मध्ये बेल यांनी लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि ‘मद्रास पद्धती’ हे नाव युरोपभर गेले.

या प्रयोगाचे रहस्य वाळूत नव्हते. वाळू स्वस्त होती, चुकलेले अक्षर क्षणात पुसता येत होते, चुकण्याची भीती नाहीशी होत होती, हे खरे. पण खरा पालट झाला तो अधिकारात. ज्याला लिहिणे येत नव्हते तो लिहू लागला, आणि ज्याने शिकायचे तो शिकवू लागला. याच पद्धतीचा उत्तरभाग तितकाच बोधप्रद आहे. इंग्लंडमध्ये बेल आणि जोसेफ लँकॅस्टर यांच्या अनुयायांनी तिला काटकसरीचे यंत्र बनवले. एका शिक्षकाच्या देखरेखीखाली शेकडो मुले हुकमाबरहुकूम अक्षरे उच्चारू लागली. एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने १८२२ मध्ये मुंबईत जी शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली, तिच्या शाळांपुढेही लँकॅस्टरचाच आदर्श ठेवण्यात आला. मद्रासहून जे मोकळीक देणारे साधन म्हणून गेले, ते परतताना कवाईत होऊन आले. साधन तेच होते. त्याच्यामागील हेतू बदलला होता.

याच काळात तंजावरचे सरफोजी राजे दुसरे मद्रासमध्ये शिक्षण घेत होते. १७९८ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी तंजावरास देवनागरी मुद्रणालय उभारले, आणि १८०५ नंतरच्या त्या प्रारंभीच्या वर्षांत इसापाच्या कथांचे ‘बाळबोध मुक्तावली’ हे मराठी रूप तेथे छापले गेले. महाराष्ट्रात छापील पुस्तकाचा प्रसार होण्यापूर्वी तमिळ भूमीत मराठी मुलांसाठी पुस्तक सिद्ध व्हावे, ही घटना केवळ कौतुकाची नाही. मुद्रणयंत्र परदेशी, कथा परदेशी, तरी पुस्तक घडवणारा पंडित दरबारातील होता आणि वाचणाऱ्या मुलांची भाषा त्याला ठाऊक होती. यंत्र बाहेरून आले तरी लेखणी घरचीच राहू शकते, याचे हे जुने प्रमाण आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चेन्नईने हाच विवेक पुन्हा दाखवला. फेब्रुवारी १९९९ मध्ये तेथे भरलेल्या परिषदेत तमिळच्या संगणकीय लेखनासाठी कळफलकाची एक प्रमाण रचना मान्य करण्याचे पाऊल उचलले गेले. ‘तमिळ ९९’ या नावाने ती ओळखली जाते. त्या परिषदेतूनच पुढे आलेल्या कल्पनेनुसार २००१ मध्ये तमिळ आभासी विद्यापीठ सुरू झाले. प्रथम भाषा लिहिण्याची सोय, नंतर शिकवण्याची, हा क्रम अर्थपूर्ण आहे. मराठीत मात्र कळफलक अनेक, टंक त्याहून अनेक, आणि एका कार्यालयाचा मजकूर दुसऱ्या कार्यालयात वाचता येऊ नये अशी अवस्था दीर्घकाळ टिकली. युनिकोडने तिचा बराच परिहार केला असला, तरी मराठीचा प्राध्यापक आणि विद्यार्थी देवनागरी टंकलेखन शिकलेला असेलच असे आजही गृहीत धरता येत नाही.

आता चेन्नईहून मराठी वर्गाकडे येणारा प्रवाह पाहावा. २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या एनपीटीईएल या उपक्रमाचे संयोजन आयआयटी मद्रासकडे आहे. तेथील व्याख्याने मराठीसह अनेक भारतीय भाषांत अनुवादित होत आहेत. त्याच संस्थेतील एआयफॉरभारत या गटाने २०२३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांसाठी यंत्रानुवादाची प्रणाली खुली केली. या कार्याचे महत्त्व नाकारणे हा करंटेपणा ठरेल. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या धाकाने गोंधळणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यास आपल्या भाषेत विषय समजणे ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि येथेच सावध राहिले पाहिजे. ज्ञान सर्वत्र इंग्रजीत घडावे आणि मराठीने फक्त पडद्याच्या तळाशी ओळीने उमटावे, असा क्रम रूढ झाला, तर मराठी ही आकलनाची भाषा राहील, विचाराची राहणार नाही. जी भाषा केवळ अनुवाद स्वीकारते, तिच्यात परिभाषा येते. पण परिभाषेवर वाद घालणारे गद्य येत नाही. आणि ज्या वर्गातील शिक्षक तयार पाठ लावून देणारा होतो, तेथे बेल यांच्या वाळूची कवाईत झाली त्याच इतिहासाची पुनरावृत्ती होते.

यावर उपाय यंत्र दूर ठेवणे हा नाही. यंत्राचा मजकूर वर्गात तपासायला घेणे हा आहे. एक साधे उदाहरण पुरे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे: ऐकणाऱ्यास वगळून बोलायचे तर ‘आम्ही’, त्याला सामावून घ्यायचे तर ‘आपण’. तमिळमध्येही ‘नाङ्गळ्’ आणि ‘नाम्’ असा नेमका हाच भेद आहे. इंग्रजीत दोहोंना एकच सर्वनाम. तमिळ कथा इंग्रजीच्या वाटेने मराठीत आली, तर दोन्ही टोकांना जिवंत असलेला हा भेद मधल्या पुलावरच गळून पडतो. पात्र कोणाला आपले म्हणते आणि कोणाला परके ठेवते, हेच कळेनासे होते. असा यंत्रानुवाद विद्यार्थ्यांपुढे ठेवून तो त्यांच्याकडून दुरुस्त करून घेणारा शिक्षक एकाच तासात व्याकरण, शैली आणि दोन भाषाकुलांचे सान्निध्य शिकवू शकतो. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदपत्रांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले, ते इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून. ही परंपरा वर्गात आणणे शक्य आहे.

ते शक्य आहे याची साक्ष महाराष्ट्रातही आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणल्याबद्दल त्यांचा गौरव झाला. परंतु त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पुस्तकाचे कन्नडमध्ये भाषांतर केले, या गोष्टीकडे तुलनेने कमी लक्ष गेले. तो चौकोनी कोड दारासारखा होता. दाराआड काही होते ते शिक्षकाने लिहिल्यामुळे. पुढे शासनांनी हे कोड सर्व पुस्तकांवर छापले, पण प्रत्येक वर्गाच्या भाषेचे ज्ञान छापता येत नाही.

म्हणून विद्यापीठांनी यंत्रसामग्रीच्या खरेदीइतकेच शिक्षकाच्या लेखनाकडे लक्ष द्यावे. शिक्षकाने मराठीत सिद्ध केलेला पाठ, त्याने संपादित केलेला अनुवाद, विद्यार्थ्यांची अनुदिनी चालवण्यासाठी त्याने घेतलेले श्रम, यांची गणना विद्वत्कार्यात व्हावी. आज त्यासाठी वेळ देणारा प्राध्यापक पदोन्नतीच्या हिशेबात तोट्यात राहतो. विद्यार्थ्याचे लेखन परीक्षकाच्या एकट्या डोळ्यांसाठी न राहता सहाध्यायांपुढे यावे, त्यावर आक्षेप यावेत आणि ते पुन्हा लिहिले जावे. भारतीय भाषांच्या विभागांनी तमिळ आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना परस्परांचे मजकूर थेट हाताळण्याची संधी द्यावी. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. एग्मोरच्या शाळेतही मोठा निधी नव्हता. अक्षर गिरवण्याचा अधिकार मुलाच्या बोटाकडे देण्याची तयारी होती. ती तयारी नसेल, तर कितीही उजळ पडदा वर्गाला प्रेक्षागृहच करील.