तक्ता वाचला, तरी त्रास का?

डोक्याला मार लागला की आपण दोनच गोष्टी विचारतो : टाके किती पडले आणि सीटी स्कॅनमध्ये काय आलं? दोन्ही ठीक म्हटल्यावर घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. डोळ्यांचं कुणी विचारतच नाही. इंदूरमध्ये इतकी वर्षं डोळे तपासताना मी हे वारंवार पाहिलंय.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजातला एक मुलगा आला. दोन महिन्यांपूर्वी स्कूटरवरून पडलेला, तेव्हा हेल्मेट नव्हतं. तक्ता त्याने शेवटपर्यंत वाचला. पण पुस्तक उघडलं की ओळी एकमेकींवर चढत आणि जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसत. "अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय!" आई म्हणाल्या.

कंटाळा नव्हता. तक्ता मोजतो ती फक्त स्पष्टता. दोन्ही डोळे एकत्र हलवणं, जवळच्या अक्षरांवर जुळवणं हे काम मेंदूचं. डोळे हलवणाऱ्या नसांपैकी चौथी नस अगदी बारीक आणि लांब वळसा घेऊन येणारी. डोक्याला धक्का बसला की ती सहज दुखावते. मग खाली पाहताना एकावर एक दोन प्रतिमा दिसतात. तो मुलगा मान कलती धरून बसला होता, ती त्यामुळेच.

न्यूरो-नेत्रतज्ज्ञांनी निदान पक्कं केलं. चष्म्याच्या काचेवर प्रिझमची पट्टी चिकटवली. अशी नस पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप सावरते, म्हणून शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत. त्याची पाच महिन्यांत सावरली. एक पेपर मात्र राहिला.

सगळ्यांचा त्रास एकसारखा नसतो. जवळचं पाहताना डोळे आत वळत नसतील, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम असतात. मेंदूच्या मागच्या भागाला इजा झाली, तर दोन्ही डोळ्यांची एकच बाजू दिसेनाशी होते. तिथे नवा नंबर उपयोगी नाही. त्या बाजूला मुद्दाम नजर फिरवायची सवय शिकवावी लागते.

तेव्हा घरात कुणाला मार लागला असेल, तर विचारा : दोन दिसतं का? उजेड खुपतो का? वाचताना ओळ सुटते का? आणि मार लागल्यावर डोकेदुखी वाढत गेली, उलट्या सुरू झाल्या, एक बाहुली मोठी दिसली किंवा एकाएकी दिसेनासं झालं, तर चष्म्याच्या दुकानात नको, थेट इस्पितळात न्या.