विकायचं कसं: एकदम की टप्प्याटप्प्याने?

४ जून २०२४ ची सकाळ आठवतेय? लोकसभेची मतमोजणी सुरू होती. आदल्या दिवशी, सोमवारी, एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळून ७६,४६९ वर बंद झाला होता. मंगळवारी निकालांचा कल वेगळाच दिसू लागला आणि बाजार कोसळला. दिवसअखेर सेन्सेक्स ४,३९० अंकांनी खाली, ७२,०७९ वर होता. त्या दिवशी घाबरून सगळे शेअर्स एका फटक्यात विकणाऱ्यांवर तीनच दिवसांत कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली. कारण शुक्रवारी, ७ जूनला सेन्सेक्स ७६,६९३ वर बंद झाला. म्हणजे पडण्याआधी होता, त्याच्याही वर!

यावरून कुणी म्हणेल, ‘बघ, घाईघाईत विकू नये.’ थांबा, आता दुसरं चित्र बघू. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत पोचला. मग परदेशी गुंतवणूकदारांनी विक्रीचा सपाटा लावला. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असे सलग पाच महिने निफ्टी महिनाअखेरीस घसरलेलाच राहिला. २८ फेब्रुवारी २०२५ ला सेन्सेक्स ७३,१९८ वर होता, म्हणजे शिखरापासून साधारण १५ टक्के खाली. जूनमध्ये ‘थांबा’ हा धडा शिकलेल्यांना इथे त्याच धड्याने बुडवलं.

गंमत अशी की, पहिल्या दिवशी या दोन्ही घसरणी सारख्याच दिसतात. ही तीन दिवसांची की पाच महिन्यांची, हे स्क्रीनवर लिहून येत नाही. म्हणून ‘कधी विकायचं’ याच्या इतकाच ‘कसं विकायचं’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी साधं गणित करू. समजा, २०० रुपयांना घेतलेले ९० शेअर्स तुमच्याकडे आहेत आणि भाव २६० झालाय. सगळे विकले तर ५,४०० रुपये नफा. विषय संपला. आता तीन भाग करा. ३० शेअर्स आज २६० ला विकले. उरलेल्या ६० साठी २३० चा स्टॉप-लॉस लावला. भाव पडला आणि ते २३० ला विकले गेले, तर एकूण नफा ३,६०० रुपये. पण भाव चढला, दुसरे ३० शेअर्स २९० ला गेले आणि शेवटचे ३० परतीच्या वाटेवर २५० ला विकले, तर नफा ६,००० रुपये. भाव आणखी वर गेला तर त्याहून जास्त. म्हणजे टप्प्याटप्प्याने विकण्यात जादू नाही. आज हातात असलेले काही रुपये पणाला लावून तुम्ही पुढच्या संधीचं तिकीट काढता, इतकंच. बदल्यात एक गोष्ट नक्की मिळते: तुमचा अंदाज पूर्ण चुकत नाही. पूर्ण बरोबरही येत नाही.

त्याला खर्चही आहे. डिलिव्हरीतला शेअर विकला की डीपी चार्ज लागतो, तो प्रत्येक शेअरसाठी, प्रत्येक दिवसाला. एकाच कंपनीचे शेअर्स तीन दिवसांत विकले तर तो तीनदा कापला जातो. रक्कम किरकोळ वाटते, पण पाच-सहा हजारांच्या गुंतवणुकीत ती टोचते. शिवाय वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के कर आहेच. मोठ्या म्युच्युअल फंडांचं गणित वेगळं असतं. त्यांनी लाखो शेअर्स एकदम बाजारात ओतले तर त्यांच्याच विक्रीने भाव पडतो, म्हणून त्यांना हळूहळू विकावंच लागतं. तुमच्या ९० शेअर्सनी कुठलाही भाव हलत नाही. त्यामुळे ‘मोठे लोक असंच करतात’ हे कारण आपल्याला लागू नाही.

आणि मोठ्यांचंही हळूहळू जाणं नेहमी शहाणपणाचं ठरत नाही. मार्च २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधली आर्केगॉस ही बिल ह्वांग यांची कंपनी अडचणीत आली. अनेक बँकांच्या पैशांवर तिने मोजक्याच शेअर्समध्ये प्रचंड पैज लावली होती. घाई न करता सगळ्यांनी मिळून शिस्तीत विकावं, अशी बोलणी बँकांमध्ये झाली. पण दुसऱ्याच दिवशी गोल्डमन सॅक्स आणि मॉर्गन स्टॅनली यांनी मोठमोठे गठ्ठे विकून टाकले. मागे राहिलेल्या क्रेडिट स्विसला सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा फटका बसला. दार एकच आणि बाहेर पडणारे अनेक असतील, तर ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ महागात पडतं.

मग नियम काय? आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. उन्हाळी कांदा तो चाळीत साठवतो आणि भाव बघत थोडा थोडा मार्केटला नेतो. टोमॅटोचं मात्र तसं चालत नाही. पिकला की न्यायलाच हवा, नाहीतर कॅरेटमध्येच सडतो. चांगल्या कंपनीचा, स्वतःच्या पैशांनी घेतलेला शेअर म्हणजे कांदा. विकत घेतलेला ऑप्शन म्हणजे टोमॅटो. एक्स्पायरी जवळ येते तशी बाकी काही न बदलता त्याची किंमत झिजत जाते. तिथे ‘उद्या बघू’ म्हणायलाही पैसे पडतात.

इथेच तरुणांचा प्रश्न येतो. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. २०२३-२४ मध्ये या ट्रेडर्सपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. त्यानंतर सेबीने नव्या इंडेक्स करारांचं किमान मूल्य १५ लाख रुपये केलं. छोट्या ट्रेडरसाठी याचा अर्थ असा की, लॉट मोठा झाला. ज्याच्याकडे एकच लॉट आहे, त्याला ‘अर्धा आज, अर्धा उद्या’ हा पर्यायच नाही. व्हिडिओतला गुरू तीन टप्प्यांत नफा काढून दाखवतो, कारण त्याच्याकडे निदान तीन लॉट असतात. बाहेर पडण्याचे टप्पे हवे असतील, तर मुळात आत शिरतानाच तेवढी ऐपत हवी. नसेल, तर तो ट्रेड तुमच्यासाठी नाही.

आणखी एक सापळा आपल्या डोक्यातच आहे. हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्येच मांडलं होतं की, माणूस नफ्यातला शेअर लवकर विकतो आणि तोट्यातला कवटाळून बसतो. तोट्यात असताना ‘टप्प्याटप्प्याने विकतो’ म्हणणं ही बऱ्याचदा योजना नसतेच. चूक कबूल करायला काढलेली ती मुदतवाढ असते.

म्हणून माझं मत सरळ आहे. नफ्यात असाल आणि शेअर घेण्याचं कारण अजून टिकून असेल, तर टप्प्याटप्प्याने विका. ते कारणच संपलं असेल, पैसा उसना असेल किंवा फीची तारीख जवळ आली असेल, तर एकदम बाहेर पडा. ४ जूनला तीन दिवस थांबणं ज्याला परवडलं, त्याच्याकडे त्या पैशांवाचून चालणार होतं. सेमिस्टरची फी बाजारात असलेल्याकडे ते तीन दिवस नव्हते.

आणि हे सगळं ठरवायचं ते खरेदीच्या दिवशी, वहीत लिहून. पडत्या बाजारात मोबाइल हातात धरून घेतलेला निर्णय बहुतेक वेळा आपला नसतो, भीतीचा असतो.