‘थोडीशीच बदललेली’ गाडी

न्यूझीलंडच्या रस्त्यांवर जपानी मोटारी एवढ्या का, हे मॉरिशसच्या वाचकांना समजावून सांगावयास नको. तिथेही वाहने डाव्या बाजूने चालतात, आपल्याकडेही आणि जपानातही. जपानात ‘शाकेन’ नावाची तपासणी नव्या गाडीला तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी करावी लागते. ती महाग, म्हणून धडधाकट गाडीही मालक काढून टाकतो व ती जहाजावर चढते. १९९८ साली न्यूझीलंडने मोटारींवरील जकात उठविली. थेम्सचा टोयोटा, नेल्सनचा होंडा, पोरिरुआचा मित्सुबिशी हे जुळणीचे कारखाने त्याच वर्षी बंद पडले, आणि आधीच सुरू झालेला जुन्या गाड्यांचा ओघ वाढला. त्यातच सिल्व्हिया, इम्प्रेझा, आरएक्स-७ या पोरांच्या लाडक्या गाड्या आल्या.

माझे भांडण गाड्यांशी नाही, विकण्याच्या रीतीशी आहे. ‘थोडीशीच बदललेली आहे हो,’ असे म्हणून विकणारा मोकळा होतो. पण थोडीशी म्हणजे किती? चाके बदलणे वेगळे, उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन बसविणे वेगळे. दुसऱ्यासाठी तिथे ‘लो व्हॉल्यूम’ प्रमाणपत्र लागते आणि केलेले बदल नोंदलेली धातूची पट्टी गाडीवर बसते. ती नसली तर काहीजण तपासणीपुरते जुने भाग चढवितात, वॉरंट ऑफ फिटनेस घेतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी खाली बसवितात. याला मी लबाडी म्हणतो. अशी गाडी आदळली आणि बदल विमा कंपनीला कळविलेले नसले, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. सोसावे लागते ते नव्या मालकाला, आणि तो बहुधा वीस-बावीस वर्षांचा पोर असतो.

आपल्या लोकांत तर आणखी एक खोड. भाच्याची गाडी काकांनी घ्यायची, मग कागद मागणे म्हणजे अपमान! उलट आपल्याच माणसाकडून घेताना गाडी परक्या मेकॅनिकला दाखवावी, विकणाऱ्यानेच ते सुचवावे. खाजगी विक्रेत्याला १९९३ चा ग्राहक-हमी कायदा लागत नाही हे खरे, पण खोटे सांगून विकले तर २०१७ च्या करार-कायद्याखाली भरपाई मागता येते. नातेवाईकांवर ती कोण मागणार?

किमतीचेही तसेच. सायलेन्सरला घातलेले पैसे परत येतील या आशेवर राहू नये. मूळ स्प्रिंगा व सायलेन्सर जपून ठेवले असतील तर तेच गिऱ्हाइकाला जास्त पटतात. वॉरंट महिन्याच्या आतले असावे, नसेल तर ‘आहे तशी’ घेतल्याचे गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावे. आणि मालकी बदलल्याचे त्याच दिवशी सरकारला कळवावे, नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि दंडाच्या चिठ्ठ्या आपल्या दारी.