मतदारयादीबाहेरचे प्राध्यापक

जून उजाडला की जळगाव, धुळ्याच्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावरील नेमणुकांची लगबग सुरू होते. नेट-सेट उत्तीर्ण झालेले, कित्येकदा पीएच.डी. मिळवलेले तरुण प्रमाणपत्रांची चळत घेऊन पुन्हा मुलाखतीला बसतात. गेल्या वर्षी ज्या वर्गाला शिकवले त्याच वर्गाला यंदाही शिकवता यावे यासाठी. निवड झाली तरी मानधन घेतलेल्या तासांपुरतेच. दिवाळीची सुटी, परीक्षांचा काळ, उन्हाळा, सारे बिनपगारी. झालेल्या तासांचे देयक महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयात जाते आणि ते मंजूर होऊन पैसे हाती पडेपर्यंत महिनोन्महिने लोटतात. शेजारच्या खुर्चीवर सातव्या वेतन आयोगानुसार वेतन घेणारा सहकारी बसलेला असतो. विषय तोच, विद्यार्थी तेच आणि फळाही तोच.

प्राध्यापक संघटनांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. प्राध्यापकाची नोकरी आणि पगार संस्थाचालकाच्या मर्जीवर राहू नये, ही स्थिती आपोआप आलेली नाही; त्यामागे दीर्घ लढा आहे. खानदेशातील महाविद्यालये १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, त्यामुळे गाऱ्हाणे घेऊन जायचे तर चारशे किलोमीटरचा प्रवास. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. (अक्षरओळख नसलेल्या माउलीची गाणी चिरंजीव सोपानदेवांनी उतरवून ठेवली नसती तर काय झाले असते, हा विचार विद्यापीठात शिरताना मनात यावा.) येथील एन-मुक्टो ही राज्यव्यापी एम्फुक्टो महासंघाशी जोडलेली संघटना याच विद्यापीठाच्या क्षेत्रात काम करते.

प्रश्न हा की आज या नेतृत्वाचा शब्द कोणासाठी खर्ची पडतो? ४ फेब्रुवारी २०१३ पासून राज्यातील प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर १० मे रोजी तो संपला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९२ ते २००० या काळात नेट-सेट नसताना नेमल्या गेलेल्या अध्यापकांची सेवा, हे त्यातील मुख्य विषय. मागण्या अवास्तव नव्हत्या, शासनानेही शब्द पाळण्यात दिरंगाई केली होती. तरीही परीक्षेच्या तोंडावर वेठीस धरला गेला तो विद्यार्थी. ते असो. ध्यानात घेण्याजोगी विसंगती निराळीच आहे. त्या वेळी पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्यांच्या सेवेसाठी संघटना तीन महिने ठाम उभी राहिली. आज पात्रता आहे, पण सेवाच नाही, अशांसाठी तेवढे बळ का लागू नये?

याचे एक उत्तर कायद्यातच सापडते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभेत अध्यापकांना निवडून दिलेल्या दहा जागा ठेवल्या. परंतु अध्यापक म्हणजे पूर्णवेळ मान्यताप्राप्त अध्यापक. तासिकेवरचा माणूस वर्गात शिकवतो, उत्तरपत्रिका तपासतो, पण मतदारयादीत नसतो. ज्याचे मत नाही, त्याचे गाऱ्हाणे निवेदनाच्या शेवटच्या परिच्छेदात जाते.

शासनाची जबाबदारी अर्थातच अधिक मोठी, आणि सत्तेवर पक्ष कोणताही असो, ती टळत नाही. २०१८ च्या सप्टेंबरात एम्फुक्टोने संप केला; त्यानंतर नोव्हेंबरात रिक्त जागांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरण्यास मान्यता मिळाली. २०२० च्या मे महिन्यात भरती थांबली आणि उरलेल्या २,०८८ पदांसाठी २०२१ चा नोव्हेंबर उजाडावा लागला. दरम्यान निवृत्त होणारे निवृत्त होतच होते. पद रिकामे ठेवून तासिकेवर भागवणे स्वस्त पडते, हे वित्त विभागाला एकदा उमगले की त्या सवयीतून त्याला बाहेर काढणे सोपे नसते.

शेजारच्या गुजरातमधील कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यांना किमान वेतनश्रेणी देण्याचा आदेश दिला आणि समारंभात गुरुवंदनेचा श्लोक म्हणणे पुरेसे नाही, असेही सुनावले. गुरुपौर्णिमा निष्ठेने साजरी करणाऱ्या समाजाला हे शब्द झोंबायला हवेत. शिरपूर, साक्री, चोपडा येथील महाविद्यालयांत घराण्यातील पहिलीच पिढी पदवीचे शिक्षण घेत असते. घरी विचारावे तर कोणी नाही. त्या मुलाचा सारा आधार वर्गातल्या शिक्षकावर. तोच दरवर्षी बदलत राहिला तर मुलाने शंका घेऊन कोणाकडे जावे?

कायदा बदलण्यास वेळ लागेल. संघटनेची घटना मात्र संघटनेच्याच हाती आहे. तासिकेवरील अध्यापकांना सभासदत्व आणि कार्यकारिणीच्या निवडणुकीत मत देण्यास मंत्रालयाची परवानगी लागत नाही. नियमित वेतनाचे देयक ज्या दिवशी महाविद्यालयातून निघते, त्याच दिवशी तासिकांचे देयकही निघावे, एवढा आग्रह प्रत्येक महाविद्यालयातील ज्येष्ठ प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे धरला तरी पुष्कळ घरांतील दिवाळी उधारीवाचून होईल.