गाडीचं ॲव्हरेज आणि घरची वही

मुलाने गाडीची किल्ली देवापुढे ठेवली आणि मला म्हणाला, "आई, ताट घेऊन ये, पूजा करायचीय." हळदी-कुंकू घेऊन अंगणात आले, तर समोर ही घोड्याएवढी उंच गाडी! पुढचं चाक केवढं मोठं, मडगार्ड चोचीसारखं वर काढलेलं. मी म्हटलं, "अरे, ही डोंगर चढायची गाडी. तुला जायचंय वाळूजला कंपनीत!"

"आई, ही डांबरीवरही चालते आणि ढेकळातही. सेकंडहँड आहे, पण चाळीसचं ॲव्हरेज देते म्हणाला विकणारा."

विकणारा काय, म्हणणारच! पण मुलाचंही खोटं नव्हतं. आमची वस्ती देवगावपासून आत. पावसाळ्यात त्या रस्त्यावर साधी गाडी घालायची म्हणजे कसरतच. पुढे कसाबखेडा, मग दौलताबादच्या बाजूने वाळूज, असं जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. शिफ्टच्या वेळेला एसटी मिळत नाही. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, २०२२ पासून त्यावर गाड्या धावताहेत, पण तिथे दुचाकीला बंदी. म्हणजे दुचाकीवाल्याच्या नशिबी जुनाच रस्ता.

अशा गाड्या आपल्याकडे तशा उशिराच आल्या. हिरोची इम्पल्स २०११ साली, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली, नि हिरोची एक्सपल्स २०१९ साली. पोरांनी त्या हौसेने घेतल्या, लडाखचे फोटो काढले आणि लग्न झाल्यावर विकायला काढल्या. त्यातलीच एक २०० सीसीची आमच्या अंगणात आली. सीट इतकी उंच, की मागे बसायला मला ओट्याची पायरी लागते.

मैत्रिणींनो, मी बी.ए. मराठी घेऊन झालेली. गणिताशी माझं जन्माचं वाकडं. पण दुधाची, किराण्याची, बचत गटाची वही लिहून लिहून हिशेबाची सवय लागली. मनात आलं, घरातला सगळ्यात मोठा खर्च पेट्रोलचा, आणि त्याचीच वही नाही! मुलाला म्हटलं, पंपावर टाकी काठोकाठ भर, किलोमीटरचा आकडा लिही. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भर आणि किती लिटर बसलं ते सांग. चाललेल्या किलोमीटरला त्या लिटरने भागायचं. झालं ॲव्हरेज. यात कसली इंजिनीअरिंग?

पहिल्या पंधरवड्याचा आकडा आला छत्तीस. विकणाऱ्याचे चार कुठे गेले? मुलाला विचारलं, "चालवतोस किती स्पीडने?" तर म्हणे, "ऐंशीने. रस्ता मोकळा असतो ना!"

तिथेच तर मेख आहे. या उंच गाडीवर माणूस ताठ बसतो. रस्ता लांबवर दिसतो, कंबर दुखत नाही, हे चांगलं. पण छाती वाऱ्याला आडवी येते. वाऱ्याचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो. म्हणजे साठवरून ऐंशीवर गेलं, की वारा सुमारे पावणेदोन पट अडवतो. त्यामुळे इंजिन जास्त पेट्रोल पितं. त्यात खडबडीत टायर, हवा कमी, चेन कोरडी. मग छत्तीस नाही तर काय?

दर आठवड्याला हवा बघायची, चेनला तेल द्यायचं, आणि काटा साठच्या पुढे न्यायचा नाही, असं ठरलं. कुरकुर झाली. पण पुढच्या महिन्यात वहीत आकडा आला बेचाळीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरा, अडीच हजार किलोमीटर होतात. छत्तीसच्या हिशेबाने जवळपास सत्तर लिटर, बेचाळीसच्या हिशेबाने साठ. दहा लिटर वाचले, म्हणजे आजच्या भावात हजारावर रुपये. आणि गमावलं काय? पन्नास किलोमीटर सलग ऐंशीने गेलं तरी बारा-तेरा मिनिटंच वाचतात. गावं, वळणं, स्पीडब्रेकर धरले तर तेवढीही नाहीत.

एक गोष्ट मात्र मुलाच्या हातात नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासून होतं, म्हणजे आपल्याच शेतातला माल टाकीत जातो, याचा आनंदच आहे. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी शक्ती असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं होतं, की जुन्या इंधनासाठी बनवलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन ते चार टक्के घटेल. तेव्हा जुनी गाडी घेताना आधीच्या मालकाने सांगितलेल्या आकड्यातून एक-दीड वजा करूनच हिशेब मांडावा.

हे सगळं मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगत होते. बायका हसत होत्या. एकीने विचारलं, "ताई, ॲव्हरेजचं कळलं. पण गाडी कुणाच्या नावावर आहे ते बघितलं का?" सगळ्या एकदम गप्प झाल्या. कारण विचारणारीचा नवरा दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीहून येताना गेला. पुढे उसाची ट्रॉली होती. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. त्यांची गाडीही सेकंडहँडच. घेताना महिनाभर चर्चा ॲव्हरेजची, टायरची, रंगाची. कागद नावावर करायचे 'बघू नंतर' म्हणून राहिले, ते राहिलेच. गाडीच्या पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो आरसी बुकावर आणि पॉलिसीवर ज्याचं नाव, त्यालाच. त्यांच्या कागदांवर नाव दुसऱ्याचंच. तिच्या पदरात काहीही पडलं नाही. दोन लेकरं घेऊन आज ती शिवणकाम करते.

त्या दिवसापासून माझ्या वहीत एक पान वाढलं. जुनी गाडी घेताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद घ्यायचा. थकलेली ई-चलनं बघायची. आरसी नावावर झाली, की विमाही नावावर झालाच पाहिजे, आणि त्या पॉलिसीत मालक-चालक अपघात विमा आहे ना, हे वाचून घ्यायचं. कारण तो प्रत्येक पॉलिसीत असतोच असं नाही. आणि चालवणाऱ्याचं लायसन्स चालू हवं.

२०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची. म्हणजे आपलेच नवरे, दीर, मुलं, आणि मुलीसुद्धा. त्या सगळ्यांच्याच चुका होत्या असं मी म्हणणार नाही. ट्रॉलीला मागे पट्टी लावणं कारखान्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला जड नाही. शिफ्ट सुटते त्या वेळेला एक एसटी सोडली, तर कितीतरी घरांचं पेट्रोलही वाचेल आणि माणसंही. ते मागत राहायला हवं. यंदा गळीत सुरू व्हायच्या आधी आमचा गट लाल पट्ट्यांचे रोल घेऊन ट्रॅक्टरवाल्यांकडे जाणार आहे. पण सगळं सरकार करील म्हणून बसून कसं चालेल?

आपल्याकडे गाडी घेणं हा पुरुषांचा विषय. बाईला विचारतात ते फक्त नारळ कुठाय म्हणून. पण हप्ता भरायला बाजूला काढलेले पैसे तिचे, आणि दारात उभं राहून वाट बघणारीही तीच. तेव्हा ॲव्हरेज किती, कागद कुणाच्या नावावर, हेल्मेटचा पट्टा लावतोस की नुसतंच डोक्यावर ठेवतोस, हे विचारायचा हक्क तिचा नाही तर कुणाचा? जे साठ पेट्रोल वाचवतात, तेच साठ ब्रेक दाबायला वेळही देतात.

आता मुलगा कंपनीतून निघताना फोन करतो, "निघालो." मी घड्याळ बघते. सव्वा तास लागतो. सव्वा तासाने गाडीचा आवाज आला, की चहा ठेवते. तासाच्या आत आला, तर आधी बोलणी, मग चहा.