माझं तोंड कुठंय?

‘कॅन्डिड’ या शब्दाचा मला आताशा राग येतो. समोरच्याला न कळता काढलेला फोटो खरा आणि सांगून काढलेला खोटा, हे आपल्याला शिकवलं कुणी? मीही कित्येक वर्षं हेच मानत होतो. ज्ञानेश्वर माऊलींची पालखी पुण्यातून सासवडकडे निघाली की दिवे घाट गाठायचा, 200 मिमीची लेन्स लावायची आणि लांबून चेहरे टिपायचे. ‘टिपायचे’ हा शब्दही बघा. सावज टिपतात.

असंच एका वर्षी घाटमाथ्यावर एक आजी रस्त्याकडेला चपला काढून बसल्या होत्या. परभणीकडच्या. टाचांना भेगा, अंगठ्याला फोड, त्यावर चिंधी. मी त्यांच्या तळपायांचे दहा-बारा फोटो काढले. त्यांच्या लक्षात आलं, पण रागावल्या नाहीत. वारीत फोटोवालाही माऊलीच असतो आणि आपण नेमका त्याचाच फायदा घेतो.

‘‘दाव की, काय काढलंस,’’ म्हणाल्या. मी स्क्रीन पुढे केली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

‘‘आन् माझं तोंड कुठंय?’’

मग त्या उठल्या. बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, पदर नीट केला, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलं आणि ताठ उभ्या राहिल्या. हसू नाही, काही नाही. ‘‘हां, काढ आता.’’ उपकार केल्यासारखा मी एक फोटो काढला आणि सटकलो. तळपायांच्या फोटोला इन्स्टावर भरपूर लाइक मिळाले. वर मी ‘श्रद्धेची पावलं’ असा मथळाही दिला होता. आज तो वाचताना मलाच कसंतरी होतं.

फोटोग्राफर मित्र म्हणतात, परवानगी मागितली की क्षण मरतो. मोर्चात, अपघातात, पुरात हे मला मान्य आहे. तिथे विचारत बसायला वेळ नसतो आणि तो फोटो निघणं गरजेचं असतं. पण वारी जवळपास तीन आठवडे चालते, तीही पायी. कोणता क्षण पळून चाललाय? घाई वारकऱ्याला नसते, रविवारी संध्याकाळी घरी परतायचं असलेल्या आपल्याला असते. खरी अडचण वेगळीच आहे. विचारलं की माणूस स्वतःला हवा तसा उभा राहतो, आणि तसा तो आपल्याला नको असतो. आपल्याला सुरकुत्या हव्यात, भेगा हव्यात, धूर हवा. त्याला इस्त्रीचा सदरा हवा असतो. त्याच्या गरिबीवर आपण आपला सौंदर्यबोध घासून घेतो आणि वर त्यालाच ‘अकृत्रिम’ म्हणतो.

नदीकाठी तर हद्दच होते. उघड्यावर आंघोळ करणाऱ्या, आडोशाला लुगडं बदलणाऱ्या बायांवर लेन्सा रोखलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या एकानेही आपल्या सोसायटीच्या स्विमिंग पूलवर असा कॅमेरा काढून दाखवावा.

हा रोग आपल्यापुरता नाही. स्टीव्ह मॅककरीने 1984मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत काढलेला हिरव्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो सगळ्या जगाने पाहिला. जून 1985च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर तो होता. ती शरबत गुला आहे, हे जगाला कळायला 2002 उजाडलं. तोवर ती नुसती ‘अफगाण मुलगी’ होती. एवढे डोळे पाहिले, नाव कुणी विचारलं नव्हतं.

आणि विचारल्याने फोटो कंटाळवाणा होतो हे तर साफ खोटं. तो कंटाळवाणा होतो, कारण आपण पहिल्या क्लिकनंतर निघून जातो. ताठ उभा राहिलेला पहिला फोटो काढा, त्याला दाखवा, मग बसा. चहा घ्या. गाव विचारा, पाऊस झाला का विचारा. लांबची लेन्स पिशवीत टाका. मोबाइल पुरतो, कारण त्याला झूम करत राहण्यापेक्षा चार पावलं पुढे जाणं बरं पडतं. जवळ गेलात की चेहऱ्यासोबत त्याची पिशवी, शेजारचा सोबती, मागचा ट्रक असं सगळं फ्रेममध्ये येतं. पाचव्या-सहाव्या फोटोत तो कॅमेरा विसरलेला असतो, आणि आता ते चोरलेलं नसतं. नाही म्हणाला, तर राम कृष्ण हरी म्हणून पुढे चला. लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचारल्याशिवाय नाहीच.

फोटो पोचवणंही अवघड नाही. बहुतेक दिंड्यांत कुणाचा तरी व्हॉट्सअ‍ॅप असतो. आणि रथापुढे की रथामागे, कितव्या नंबरची दिंडी, एवढं ठाऊक असलं की पुढच्या मुक्कामी लाखोंच्या गर्दीतही माणूस सापडतो.

आजींचा तो ताठ उभा फोटो माझ्याकडे अजून आहे. थोडा हललेला आहे, वृंदावनाचं टोकही कापलं गेलंय. गेल्या वारीत प्रिंट काढून सोबत नेला होता. सासवडच्या तळावर दोघा-तिघांना दाखवला. त्यांनी विचारलं, दिंडी कितवी?

ते मी विचारलंच नव्हतं.